सालोमालोची चाल

चांदूर रेल्वेत किंवा आसपासच्या खेड्यांत लग्न असलं आणि मांडवात कीबोर्ड वाजत असला, तर वाजवणारा कोण हे विचारावं लागत नसे. स्टेशनामागच्या वस्तीतला, वेचणीला जाणाऱ्या बाईचा तो पोरगा. गाणं एकदा कानावर पडलं की बोटांत उतरे. हळदीला काय वाजवायचं, वरात दारात आली की काय, नवरी गाडीत बसताना काय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बाया कोणत्या सुराला डोळ्यांना पदर लावतात तेही त्याला कळे, आणि तो सूर तो बरोब्बर त्याच घडीला धरी.

सिनेमाला संगीत द्यायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. लग्नांच्या पैशातून घेतलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये व्हायोलिनांचा अख्खा ताफा होता, बासऱ्या होत्या, नगारे होते, आ-कार लावणारा बायकांचा समूहही होता. एक कळ दाबली की पन्नास वादक उभे राहत. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकायला जायचं, असं तो दोस्तांना सांगे.

एका हिवाळ्यात त्याला काम मिळालं. अमरावतीच्या कॉलेजातल्या काही मुलांनी कापूस वेचणाऱ्या बाईच्या एका दिवसावर वीसेक मिनिटांचा लघुपट केला होता. चांदूरजवळच्याच एका वावरात चित्रण झालं होतं. बाई पहाटे भाकरी थापते. शिदोरी बांधून बायांबरोबर निघते. पहिल्या वेचणीचा दिवस असतो म्हणून धुऱ्याजवळ सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य ठेवतात. मग दिवसभर पऱ्हाटीच्या तासातून वाकून चालणं, बोंडातला कापूस ओढून कमरेच्या ओटीत टाकणं, ओटी भरली की गठ्ठ्यावर रिती करणं. सांजच्याला काटा होतो, ज्याचे त्याचे किलो वहीत लिहिले जातात. परतताना रेल्वेचं फाटक लागलेलं असतं, मालगाडी जाईपर्यंत बाई उभी राहते. संपलं. बोलणं फारसं नाही. दिग्दर्शक पोरगा म्हणाला, “बोलणं नाही, म्हणून सगळी भिस्त तुझ्या म्युझिकवर.”

पोराने रात्री जागून म्युझिक केलं. भाकरीवर बासरी घातली, वेचणीवर व्हायोलिनं. काट्यापाशी बायकांचा आ-कार चढत चढत वर नेला. मालगाडीचा आवाज खरखरीत वाटला म्हणून काढून टाकला आणि तिथे नगारे बसवले. कॉलेजच्या पोरांनी ऐकून टाळ्या वाजवल्या. एकाने तर मिठी मारली.

हे सगळं तो आबाजींकडे घेऊन गेला ते शाबासकीसाठीच. आबाजी नात्यातले नव्हते, सगळ्या वस्तीचे आबाजी होते. जन्मभर रेल्वेत पॉइंट्समन, निवृत्तीनंतर भजनी मंडळात पेटी. पोराच्या बोटाला पहिला सा त्यांनी दाखवला होता. आता मोतीबिंदूने डोळे गेल्यात जमा होते, कान मात्र शाबूत. रात्री खाटेवर पडल्या पडल्या ते सांगत, ही भरलेली मालगाडी, ही रिकामी. रिकामी खडखडते, भरलेली जमीन दाबत जाते.

पोराने लॅपटॉप त्यांच्या खाटेवर ठेवला. आबाजींना पडद्यावर उजेड-अंधारापलीकडे काही दिसत नव्हतं. ते डोळे मिटून बसले आणि वीस मिनिटं त्यांनी तो सिनेमा ऐकला.

“छान वाजवलं बावा,” ते म्हणाले. मग थोडं थांबून विचारलं, “पन हे घडते कुठी?”

“म्हंजे?”

“मले दिसत नाई ना. आयकूनच समजून घ्या लागते. बाईच्या बांगड्या नाई, बोंडं नाई, फाटकावरची गाडी नाई. ते बासरी कोन वाजवते तिथी?”

“कोनी नाई आबाजी. ते बॅकग्राउंड म्युझिक असते.”

“बाईले आयकू येते का ते?”

“तिले कसं येईन? ते पाहनाऱ्यासाठी असते. त्याले दुख समजलं पायजे ना तिचं.”

“मंग तिचं तिनं सांगतलं तर समजनार नाई का त्याले?”

पोरगा गप्प झाला, पण पटून नव्हे. आबाजींनी ते ओळखलं आणि त्याला बसवून घेतलं. पुढे त्यांनी जे सांगितलं ते केशवराव भोळ्यांचं चरित्र होतं. ते मी माझ्या शब्दांत सांगतो, कारण चांदूरपासून तासाभराच्या अंतरावर जन्मलेल्या या माणसाचं नाव वऱ्हाडातच फारसं घेतलं जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

केशव वामन भोळे यांचा जन्म 1896 चा, अमरावतीचा. डॉक्टर व्हायला ते मुंबईला गेले. तिथे नाटकं होती, बैठका होत्या, थोर गवयी होते. वैद्यकी अर्धवट राहिली आणि गाणं धरलं. पण गाणं धरलं म्हणजे लगेच चाली बांधायला बसले, असं झालं नाही. आधी त्यांनी ऐकलं. वर्षानुवर्षं ऐकलं आणि त्यावर लिहिलं. ‘एकलव्य’ आणि ‘शुद्ध सारंग’ ही त्यांची टोपणनावं. मोठमोठ्या गायकांच्या गाण्यात काय आहे आणि काय नाही, हे छापून सांगणारा समीक्षक म्हणून मराठी वाचकांनी त्यांना आधी ओळखलं. मला त्यांच्या आयुष्यातला हा क्रम फार मोलाचा वाटतो. पुढे चाली बांधताना त्यांनी जे जे टाळलं, ते टाळण्याचं बळ या ऐकण्यातून आलं असणार.

1932 मध्ये त्यांचं लग्न झालं. पत्नी गोव्याच्या बांदोड्याच्या, केळेकरांच्या घरातल्या. त्याच पुढे ज्योत्स्ना भोळे म्हणून महाराष्ट्राच्या लाडक्या झाल्या. दुसऱ्या वर्षी, 1933 च्या जुलैत, ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणलं. संगीत केशवरावांचं आणि काम करणाऱ्यांत ज्योत्स्नाबाई. त्याआधीच्या संगीत नाटकात पात्र बोलता बोलता मध्येच गाऊ लागे, आणि टाळी पडली की तेच पद पुन्हा, पुन्हा पुन्हा. कथा तोवर ताटकळत उभी. या नाटकात पदं मोजकी होती, आणि त्या घरातल्या त्या मुलीने तेव्हा गुणगुणावं अशी. गळा ज्योत्स्नाबाईंसारखा हाताशी असताना पदं कमी ठेवायची, याला हिंमत लागते.

मग प्रभात. कोल्हापूरहून पुण्याला आलेल्या प्रभात फिल्म कंपनीत ते गेले आणि 1934 च्या ‘अमृतमंथन’ला संगीत दिलं. मराठी बोलपट तेव्हा उणापुरा दोन वर्षांचा होता. गाणं म्हणजे नाटकातलं पद, फक्त कॅमेऱ्यापुढे म्हटलेलं, असाच बहुतेकांचा समज होता.

इथे आबाजी खाटेवर सावरून बसले. त्यांनी ‘संत तुकाराम’ लहानपणी पाहिला होता, सावंगा विठोबाच्या गुढीपाडव्याच्या यात्रेत, तंबूतल्या टॉकीजमध्ये. बाहेर अवधुताच्या नावाने कापराचे ढीग जळत होते, धूर तंबूत शिरत होता आणि पडद्यावर देहू होतं.

“त्याच्यात एक सालोमालो हाय,” आबाजी म्हणाले. “तुकारामाचा अभंग चोरते अन् आपला म्हनून देवळात गाते. शब्द तेच बरं का बावा. एक अक्षर इकडचं तिकडं नाई. पन चाल आयकली का समजते, हा चोर हाय.”

हा प्रसंग ज्यांनी पाहिला आहे त्यांना आबाजींचं म्हणणं कळेल. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम गातो तेव्हा समोर फक्त विठोबा असतो. सालोमालो गातो तेव्हा त्याचं सगळं लक्ष ऐकणाऱ्या माणसांकडे असतं. तो शब्द नटवतो, मिरवतो. संगीतकार एकच, अभंगही एकच. केशवरावांना दोन्ही चाली करता येत होत्या आणि त्यांनी दोन्ही केल्या, कोणती कोणाच्या तोंडी द्यायची हे ठरवून. ढोंग त्यांनी ढोंग्याच्या गळ्यात घातलं. संगीताने माणूस उघडा करून दाखवण्याचं याहून स्वच्छ उदाहरण मला तरी मराठी सिनेमात आठवत नाही.

दामले-फत्तेलालांचा हा चित्रपट 1936 च्या डिसेंबरात मुंबईत लागला आणि वर्षाहून अधिक काळ एकाच थिएटरात चालला. 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. त्यातला एक अभंग तुकारामांचा नाहीच. तो शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिला आणि केशवरावांनी त्याला चाल दिली. लोकांनी तो तुकोबांचाच धरला. जाणत्यांनीसुद्धा गाथेत शोधला. कवी आणि संगीतकार दोघंही आपल्या कामामागे इतके नाहीसे झाले की गाणं थेट तुकारामांच्या नावावर जमा झालं.

“अन् मंग ‘कुंकू’,” आबाजी म्हणाले.

1937. व्ही. शांताराम दिग्दर्शक. म्हातारपणाकडे झुकलेल्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायलाच नकार देते. शांता आपटे नीरा आणि केशवराव दाते वकील. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. जे वाजतं ते पडद्यावरच्या घरात, गल्लीत वाजतं. नीरा गाते तर साथीला घरातला ग्रामोफोन असतो. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं. पावलं वाजतात, दारं वाजतात. नीराचं दुःख सांगायला एकही व्हायोलिन बाहेरून आत येत नाही. शांता आपट्यांचं गाणं ऐकायला लोक तिकीट काढत होते, आणि प्रभातसारख्या कंपनीत वादकांची वाण नव्हती. तरीही.

पोराने इथे आबाजींना अडवलं. “आबाजी, तवा साधनंच नोती. असती तर वाजवलं असतं त्यायनंही.”

“नोती कशी? पियानो व्हता, व्हायोलिन व्हतं, ते हवाईयन गिटार व्हतं. केशवरावानं ते सारं वापरलं दुसऱ्या पिक्चरात. राजवाडा असन तर राजवाड्यावानी वाजवलं. पन ‘कुंकू’ हे एका बंद घराची गोष्ट व्हती. त्या घरात जे नाई ते त्यानं आनलं नाई.”

“आता जमाना बदलला. लोकायले पायजे असते.”

“असन,” आबाजी म्हणाले आणि वाद वाढवला नाही.

पोरगा लॅपटॉप काखेत मारून निघून आला. चिडला होता. म्हाताऱ्याला दिसत नाही, म्हणून काहीतरी बोलतो, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. दोन-तीन दिवस तो त्या गल्लीने गेलाही नाही.

एका रात्री माय चुलीपुढून उठून त्याच्याजवळ येऊन बसली. दिवसभर वेचून बोटांना बोंडांच्या टोकांच्या चिरा पडलेल्या. “मलेबी दाखव ना तुवा पिक्चर,” म्हणाली. “माह्यावानीच बाई हाय म्हनते त्याच्यात.”

त्याने लावून दिला. माय मन लावून पाहत होती. भाकरीला हसली. “पीठ पातळ भिजवलं तिनं.” सीतादही आलं तेव्हा तिने नकळत हात जोडले. वेचणीत व्हायोलिनं वाजू लागली तेव्हा तिचे डोळे भरले, आणि पोराच्या जिवात जीव आला. सूर लागू पडला होता.

मग काटा आला. पडद्यावर गठ्ठा हुकाला लटकला, मालकाचा माणूस वाकून काट्याकडे पाहू लागला. बायकांचा आ-कार चढू लागला. माय एकदम पुढे सरकली, मान तिरपी केली, कान लॅपटॉपजवळ नेला.

“मोठं कर.”

त्याने आवाज वाढवला. आ-कार खोलीभर झाला.

“हे नाई रे. त्यानं आकडा काय सांगतला?”

“कोनता आकडा?”

“किती किलो भरलं? त्याचं तोंड हाललं ना. आकडा आयकूच नाई आला.”

पोराने मागे नेऊन पाहिलं. खरंच, माणसाचं तोंड हलत होतं. मूळ चित्रणात तो आकडा होता. मुलांनी आवाज दिला होता तेव्हा तो स्वच्छ ऐकू येत होता. पोराने आ-कार नीट बसावा म्हणून तो पुसला होता.

माय म्हणाली, “दिवसभर त्याच्यासाठीच तर वाकलो ना आमी. मले वहीतलं वाचता येत नाई. तो बोलते तोच आकडा माहा. त्या टायमाले साऱ्या बाया चूप असतात, मालूम हाय ना तुले? कोनी खोकतही नाई.” आणि मग, त्याचा चेहरा पाहून, समजुतीने म्हणाली, “गानं मातर लय चांगलं हाय बाप्पा तुवं.”

त्या रात्री पोराला झोप लागली नाही. सालोमालो त्याच्या डोक्यातून हलेना. आबाजींनी त्याला तसं काही म्हटलं नव्हतं, पण त्याने स्वतःच ते जोडलं. कष्ट बाईचे आणि टाळ्या आपल्या सुराला. बाईचा दिवसाचा हिशोब झाकून आपण आपला गळा पुढे केला. आणि ती बाई परकी नव्हती. ज्या आकड्यावर त्याची शाळेची फी, वह्या, पहिला कीबोर्ड आला होता, तोच आकडा त्याने पुसला होता.

सकाळी तो मायबरोबर वावरात गेला. लहानपणी गेला होता त्यानंतर आत्ताच. मोबाइलवर आवाज भरून घेत तो तासातून बायांच्या मागे चालला. वेचणीला आवाज असतो हे त्याला नव्याने कळलं. सुकलेली पानं पायाखाली मोडतात, पऱ्हाटीच्या फांद्या लुगड्याला घासतात, बोंडातून कापूस निघताना मात्र जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. बाया गात नव्हत्या. सिनेमात वावरातल्या बाया गातात, म्हणून त्याला वाटलं होतं की गातील. त्या बोलत होत्या. सोयाबीनच्या भावावर, कुणाच्या सुनेवर, बचतगटाच्या हप्त्यावर. एकीच्या ओटीच्या गाठीला मोबाइल खोचलेला होता आणि त्यात जुनी गाणी चालू होती. ती तासात पुढे गेली की गाणं पुढे जाई, मागे राहिली की मागे. वारा फिरला की मध्येच विरे. दूरवर नागपूरकडची गाडी गेली तेव्हा सगळ्या जणींनी एकाच वेळी वर पाहिलं. गाडीवरून जेवणाची वेळ कळत होती.

‘कुंकू’तला ग्रामोफोन तो इथे ओटीला खोचलेला मोबाइल होता. पोराला हे कुणी सांगावं लागलं नाही.

सांजच्याला काटा झाला. तो मुद्दाम बाजूला उभा राहिला. बाया खरंच चूप झाल्या. माणसाने आकडा उच्चारला. मग पुढचा गठ्ठा, पुन्हा चूप, पुन्हा आकडा.

घरी येऊन त्याने सगळं म्युझिक काढून टाकलं. हे लिहायला सोपं आहे. ज्याने आपल्या हाताने काही केलं आहे त्याला कळेल की ते काढताना काय होतं. बासरी त्याची सगळ्यात आवडती होती, ती त्याने शेवटी काढली. मग मुलांनी दिलेले मूळ आवाज परत बसवले आणि जिथे कमी पडले तिथे स्वतः भरून आणलेले घातले. फाटकावरची मालगाडी आणली. ती रिकामी होती. रिकामी गाडी खडखडत जाते आणि बाई रिकामी ओटी घडी करून हातात घेऊन उभी असते. आता ते तसंच राहिलं, नगाऱ्यांशिवाय.

एकच चाल त्याने नवी केली. वेचणीच्या मधल्या भागात, ओटीला मोबाइल खोचलेल्या बाईसाठी. दोन कडव्यांचं गाणं त्याने स्वतः लिहिलं, भजनी मंडळातल्या एका ताईकडून म्हणून घेतलं, साथीला आबाजींची पेटी आणि ढोलक. मग ते गाणं मोबाइलवर वाजवलं आणि तो मोबाइल वावरात फिरवून त्याचा आवाज भरला. पऱ्हाटीआडून येतो तसा. जुनं, चेपलेलं, मध्येच वाऱ्याने तुटणारं. पेटीसाठी गेला तेव्हा त्याने आबाजींना काही सांगितलं नाही आणि आबाजींनीही विचारलं नाही. फक्त वाजवताना म्हणाले, “जोरात नाई वाजवत मी. मोबाइलमधलं हाय ना हे?”

कॉलेजच्या पोरांना हे आवडलं नाही. दिग्दर्शक म्हणाला, “अरे, म्युझिक कुठाय?” दुसरा म्हणाला, “आधीचं काय छान होतं. आता तर नुसते आवाज आहेत, ते तर आमच्याकडेही होते.” पोराने त्यांना काट्याचा भाग दोनदा दाखवला. एकदा आ-काराने, एकदा आकड्याने. तरी मतं फुटली. शेवटी दिग्दर्शकाने नवी प्रत ठेवली, पण नाखुशीने, आणि ठरलेल्या पैशांतले निम्मेच हातावर ठेवले. काम निम्मंही दिसत नाही, हे त्याचं कारण. पोराने ते घेतले. त्या हिवाळ्यात त्याने दोन लग्नंही सोडली होती, तेव्हा हे नुकसान लहान नव्हतं. केशवरावांची गाणी जुन्या माणसांच्या ओठांवर असून नाव मात्र मागे पडलं, ते आठवलं की मला वाटतं, हा व्यवहार सिनेमाच्या संगीतात जुनाच आहे. संगीतकार जेवढा कथेत विरघळतो तेवढा तो दिसेनासा होतो, आणि दिसत नाही त्याचे पैसे द्यायला लोक कचरतात. केशवरावांनी 1940 चा ‘संत ज्ञानेश्वर’ केला, पुढे ‘रामशास्त्री’तही त्यांचा हात होता. 1964 मध्ये त्यांनी ‘माझे संगीत: रचना आणि दिग्दर्शन’ हे पुस्तक लिहिलं आणि आपण काय, का केलं ते मांडून ठेवलं. नव्या संगीतकारांनी ते वाचावं असं फार वाटतं.

ज्या गावात चित्रण झालं होतं तिथल्या समाजमंदिरात लघुपट दाखवायचं ठरलं. संध्याकाळी, काटा झाल्यावर. भाड्याचा प्रोजेक्टर, पांढरी चादर. बाया सरळ वावरातूनच आल्या, काहींच्या केसांत कापसाचे तंतू तसेच होते. आबाजींना पोरगा मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आला. मायने त्यांना पुढच्या रांगेत जागा धरली.

सुरुवातीला बाया पडद्यावर एकमेकींना ओळखत होत्या, हसत होत्या. सीतादहीला कुणीतरी म्हणालं, नैवेद्य वाढायचा राहिला यंदा. मग वेचणी सुरू झाली, मोबाइलमधलं गाणं पऱ्हाटीआडून येऊ-जाऊ लागलं, आणि दोन-तीन जणी त्यावर मान हलवू लागल्या. आबाजी डोळे मिटून ऐकत होते.

काटा आला. गठ्ठा हुकाला लागला. पडद्यावरच्या बाया चूप झाल्या, आणि समाजमंदिरातल्याही झाल्या, सवयीने.

“साडेबारा,” माणूस म्हणाला.

“खोटं!” मागून एक आवाज आला. “तेरा भरन तो गठ्ठा. पाय ना केवढा फुगला.”

“दाबून बांधलेला हाय, तेराच्या वर भरन.”

“अर्धा किलो खाल्ला त्यानं.”

“रोजच खाते. आपन बोलत नाई.”

“काटा पाह्यला का कोनी? आकडा तो सांगते, काटा आपन पाहतो का?”

चित्रपट पुढे चालू होता, फाटक लागलं होतं, रिकामी मालगाडी खडखडत होती, आणि इकडे बायांचा हिशोब रंगला होता. उद्यापासून दोघी-तिघींनी काट्याजवळ उभं राहायचं, ज्या पोरीला वाचता येतं तिला पुढे करायचं, इथवर बोलणं गेलं. दिग्दर्शक पोरगा प्रोजेक्टरपाशी उभा राहून आधी गोंधळला, मग कान देऊन ऐकू लागला. आबाजींनी पोराचा हात चाचपून धरला आणि म्हणाले, “आता समजलं मले कुठी घडते ते.”

दिवे लागले. बाया उठता उठता अजून बोलतच होत्या. ओटीला मोबाइल खोचणारी ती बाई पोराजवळ आली, पदराआडून मोबाइल काढला आणि त्याच्यापुढे धरला.

“तुवं कॉम्प्युटर हाय ना रे बावा? ते मंधात वाजलं ते गानं टाकून दे ना याच्यात. कोन्या पिक्चरचं व्हय ते? माही माय म्हने ते, पन मले आठवूनच नाई रायलं.”

पोराने मोबाइल हातात घेतला. “जुनं हाय मावशी,” तो म्हणाला. “देतो टाकून.”